पाणी कुठं कुठं शिरलं होतं : १९६२ च्या बसच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

बस घरी आली. अंतर अकरा किलोमीटर, वेळ साडेपाच तास. दुपारी दोनला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल, त्यामुळं क्रेनवाला पहाटे सहालाच दारात हजर. एरवी त्याला चार फोन करावे लागतात. चाकं जाम होती. पुढून क्रेननं उचलली, मागं लोबेड (ठेंगणा ट्रेलर) सरकवला आणि शेवटी जेसीबीनं हळूच ढकलून बसवली. शेडच्या तोंडाशी टपाचा कॅरिअर पत्र्याला घासला, दोन पत्रे काढावे लागले. साडेअकराला काम संपलं. मॅचचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

टाटा-मर्सिडीज-बेंझ, नोंदणी १९६२. पुढं नाक असलेली. जाळीवर अजून तीन पाकळ्यांचा तारा आहे. टेल्कोचा (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा) जर्मनांशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा, त्यानंतर ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. ही गाडी एका साखर कारखान्यानं कामगार आणायला-न्यायला घेतली होती. पुढं एका शेतकऱ्यानं ती लिलावात घेतली आणि नदीकाठच्या मळ्यात उभी केली. आत कडबा, खताची पोती, मोटारीचं सामान. म्हणजे चाळीसेक वर्षं ही बस नव्हतीच, कोठी होती. भंगाराच्या भावानं एक लाख चाळीस हजार.

आईनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला खायला काय लागतं?"

२६ नोव्हेंबर

आज पान्याला हात लावायचा नाही, असं ठरवून नुसती बघत बसलो. खडू, बॅटरी, वही.

आत सीटच्या पाठीपर्यंत एक सरळ तपकिरी रेघ आहे, चारही बाजूंना एकाच उंचीवर. ही २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची. शिरोळ तालुक्यातल्या बहुतेक घरांत अशी रेघ कुठं ना कुठं सापडते. आमच्याकडं कपाटाच्या मागं आहे. म्हणजे इंजिन, गिअर बॉक्स, मागचं डिफरन्शिअल, सगळं किमान आठवडाभर पाण्याखाली होतं.

दुसरं पाणी वरून आलंय. टपावर कॅरिअरचे पाय जिथं बसवलेत, त्या प्रत्येक बोल्टाखाली लाकूड काळं पडलंय. तिसरं पाणी आपलं नेहमीचं, काचेच्या खालच्या चरातलं. मागच्या भागात मात्र पाण्याबरोबर खतही होतं. तिथला तळाचा पत्रा हातानं तुकडे होऊन निघतो, खारी बिस्किटासारखा.

गाडी साठ वर्षांची झाली म्हणून कुजली असं सगळे म्हणतात. वहीत मी २३ जागा लिहिल्या आणि एकही नुसत्या वयानं गेलेली नाही. प्रत्येक ठिकाणी पाणी आत आलं, आणि बाहेर जायची वाट बंद होती. जिथं पाण्याला वाट होती तिथला साग आजही खिळा घेत नाही.

१० डिसेंबर

इंजिनाचं चेंबर उघडलं. आधी अर्धी बादली पाणी, मग साय धरलेल्या चहासारखं काहीतरी, मग शेवटी खरं ऑइल. ऑइल पाण्यावर तरंगतं, म्हणून खालचं भोक उघडलं की पाणी आधी. त्यात नदीचा गाळही होता, बोटांत धरला तर टाल्कम पावडरीसारखा मऊ. बेअरिंगला हाच मऊपणा खातो.

मेस्त्री आले होते. वय सत्तरच्या पुढं. कोल्हापुरात ट्रान्सपोर्टच्या गॅरेजला आयुष्य गेलं आणि या इंजिनावर हात बसलेला. ओएम ३१२. सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२०, म्हणजे ४,५८० सीसी. फ्लायव्हीलला टॉमी (लोखंडी दांडा) लावून दोघांनी जोर केला. ढिम्म.

सहाही नोझल काढले. प्रत्येक भोकात डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं निम्मं ओतलं. मी विचारलं, किती दिवस?

"मुरू दे की. लोणच्याला कोन विचारतंय का?"

७ जानेवारी २०२४

जाम. दर रविवारी थोडं ओततो, थोडं हलवून बघतो. पाच सिलिंडरमध्ये पातळी उतरते, म्हणजे रिंगांच्या बाजूनं झिरपतंय. पाचव्या नंबरातली तशीच उभी. रोग तिथंच आहे.

गळीत हंगाम जोरात आहे. तालुक्यातला प्रत्येक फिटर, वेल्डर, टायरवाला सध्या उसाच्या ट्रॅक्टरमागं. मार्चपर्यंत कुणाकडून काही करून घेता येणार नाही, हे बस आणायच्या आधी लक्षात यायला हवं होतं.

२८ जानेवारी

सुटलं! एकदम नाही. बोटभर पुढं, बोटभर मागं, पुन्हा डिझेल, पुन्हा बोटभर. मेस्त्रींनी जोर कधीच केला नाही, नुसतं झुलवत राहिले. "जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतोय, आन् मग गाडी फिरती, पर तुमचं नशीब फिरत न्हाय." दुपारी चारला पूर्ण फेरा बसला.

हेड चेन ब्लॉकनं उतरवलं. पाचव्याचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, पूर थेट आत. बोअरच्या भिंतीवर पिस्टन थांबलेला होता तिथं गंजाची पूर्ण अंगठी आहे, नखाला लागेल इतकी खोल. बाकीचे पाच आश्चर्य वाटावं इतके बरे.

१७ फेब्रुवारी

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. ब्लॉक टेम्पोतून नेला.

आमचं इथं भांडण झालं. मेस्त्रींचं म्हणणं, सहाही बोअर वाढवा, सहा नवे पिस्टन घाला, इंजिन नव्यासारखं. माझं म्हणणं, पाच चांगले असताना त्यांना का खरवडायचं? एकदा काढलेलं लोखंड परत येत नाही. शिवाय ओव्हरसाइज पिस्टन कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळाले तर मिळाले, तेही सहा एका मापाचे. लेथवाल्या काकांनी मध्ये पडून निकाल दिला: पाचव्याला स्लीव्ह (आतून नवी नळी) मारायची, आतून मूळ ९० ला आणायचं, बाकीच्यांना नुसतं होनिंग, म्हणजे हलकी घासाई. मूळचे पिस्टन तसेच, रिंगा फक्त नव्या. मेस्त्री गाडीत परत येताना इचलकरंजी फाट्यापर्यंत बोलले नाहीत.

उद्यमनगरात मला दर वेळी एका गोष्टीचं बरं वाटतं. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा भाग काउंटरवर ठेवला, तर कुणी "हे मिळत नाही" म्हणत नाही. "बनवू", किंवा "बुधवारी या" म्हणतात. बुधवार कोणता ते सांगत नाहीत.

२४ मार्च

होळी. इंजिन अजून कोल्हापुरातच, तोवर बॉडी.

डाव्या अंगाचे पत्रे उतरवले. आत सागवानी खांब, बाहेरून ॲल्युमिनिअमचा पत्रा, आणि तो धरायला लोखंडी स्क्रू. जिथं जिथं लोखंडी स्क्रू ॲल्युमिनिअममधून गेलाय तिथं पांढरी पूड आणि भोवती रुपयाएवढं भोक. हे दोन धातू ओले होऊन एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनिअम झिजत जातं. लोखंडावर तेवढा परिणाम दिसत नाही म्हणून लोक स्क्रू बघतात आणि म्हणतात, ठीक आहे. मूळ कारागिराकडं ॲल्युमिनिअमचे रिव्हेट नसतील असं नाही, कारण छताला त्यानंच ते वापरलेत. बहुधा खालच्या पट्टीच्या वेळी संपले असावेत.

खांब एकूण चौदा. सुतारकाकांनी प्रत्येकावर पटाशीच्या मुठीनं टकटक केलं आणि खडूनं खुणा केल्या. वरपासून खालपर्यंत आवाज खणखणीत, शेवटच्या नऊ-दहा इंचांत भद्द. चौदापैकी अकरांचं असंच. खांब ज्या लोखंडी चॅनेलमध्ये उभे आहेत त्याला तळाशी पाणी जायला भोकं आहेत, पण ती आतून डांबरानं बुजवलेली. कुणीतरी कधीतरी "गंज धरू नये म्हणून" डांबर मारलं असणार. गंज थांबवण्यासाठी केलेल्या कामानं जेवढं कुजवलंय तेवढं पुरानं कुजवलं नाही.

पूर्ण खांब बदलायचे नाहीत. कुजकं कापून खाली नव्या सागाचा तुकडा, तिरका लांब सांधा देऊन. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या आठ पट. काका म्हणाले, "सहा पट बास झाली असती, पर तुम्ही ऐकणार न्हाई."

१४ एप्रिल

सात खांब झाले. चॅनेलची भोकं मोकळी केली, प्रत्येक दोन भोकांमध्ये आणखी एक पाडलं. पत्रा आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी, लोखंडाला पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर, रिव्हेट सगळे ॲल्युमिनिअमचे.

ऊन इतकं आहे की सकाळी अकरानंतर पत्र्याला हात लागत नाही.

५ मे

कागदपत्रांचा विषय. ही रस्त्यावर कधी काढणार, असं येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नंबरात 'व्हीए' अक्षरं, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. वाचून मीही उड्या मारल्या होत्या. पण ती सोय दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे. छत्तीस आसनांची बस त्यात बसत नाही. या गाडीची मूळ नोंदणी केव्हाच रद्द झालेली आहे. तेव्हा ही बस रस्त्यावर जाणार नाही. शेडपासून फाटकापर्यंत ८५ फूट, तेवढाच तिचा मार्ग.

हे ऐकल्यावर माणसं मग कशाला, असं विचारतात. त्यांना मी चहा देतो.

१९ मे

ब्रेक. मागचे ड्रम ओढून काढायला दीड दिवस. व्हील सिलिंडर सहज ओळखू आले नाहीत, गाळ आणि गंज यांची एक वीट झालेली. नवे बसवले. इथं जुनं ठेवायचा हट्ट मीही केला नाही.

जुनी लायनिंग काढताना हवेचा पाइप मारायचा नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. ड्रम आधी पाण्यानं भिजवला, ओल्या फडक्यानं पुसला, फडकी पिशवीत बांधली, तोंडाला चांगला मास्क. मेस्त्रींनी चाळीस वर्षं तोंडानं फुंकर मारून ड्रम साफ केलेत. त्यांनी मास्क हातात घेऊन उलटसुलट बघितला, मग लावला.

टायर ९.००-२०. ट्रकचे अर्धे झिजलेले सहा मिळाले. ८५ फुटांसाठी पुरेत.

२६ जुलै

काम बंद. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांची भाषा फूट आणि क्युसेकची होते: राधानगरीचे दरवाजे किती, कोयनेतून किती, अलमट्टीतून पुढं किती सोडलं. नरसोबाच्या वाडीत दक्षिणद्वार झालं (नदीचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं) की भाविक स्नानाला धावतात आणि आम्ही सामान माळ्यावर चढवायला.

२०१९ ला आमच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. बस त्यापेक्षा वर हवी म्हणून काल दिवसभर जॅकवर चढवत होतो. एका वेळी एक कोपरा, चार इंच उचलायचा, खाली रेल्वेचा जुना स्लीपर सरकवायचा, मग दुसरा कोपरा. रात्री दहापर्यंत चासी जमिनीपासून साडेचार फूट. नव्यानं जोडलेलं इंजिन आत आहे. सगळ्या भोकांना बुचं मारली, एअर क्लीनरवर प्लास्टिक बांधलं.

शेजारचे दादा पंप उचलून ठेवत होते. म्हणाले, "आम्ही म्हशी हलवतोय, तुम्ही एसटी."

४ ऑगस्ट

पाणी अंगणाच्या पायरीपाशी थांबलं आणि परतलं. बस कोरडी. तिला खाली उतरवायला मात्र तीन दिवस लागले, कारण स्लीपर चिखलात रुतून बसले होते.

२२ सप्टेंबर

वायरिंग सगळं नवं, रंग मात्र जुन्याप्रमाणं. हिटर प्लगनं आठवडा खाल्ला. या इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, म्हणून थंड असताना प्लगनं ती कोठडी तापवावी लागते. सहाही प्लग एकामागे एक जोडलेले, गणपतीतल्या जुन्या माळेसारखे. एक गेला की सगळे गार. डॅशबोर्डवर जाळीमागं एक छोटी तार आहे, ती लाल झाली की समजायचं माळ पूर्ण आहे. ती लाल होईना. सहा प्लग, सात जोड, सगळे तपासले, सगळे चांगले. शेवटी कळलं की ती तारच तुटलेली होती.

१२ ऑक्टोबर

दसरा. काल खंडेनवमीला पाने, जॅक, चेन ब्लॉक यांची पूजा झाली. आज बसला झेंडूचा हार, आपट्याचं पान, नारळ. भावकी जमली. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, खूप फिरलं, सुरू झालं नाही. पाइपलाइनमध्ये कुठंतरी हवा. पाहुणे जेवून गेले.

२२ ऑक्टोबर

मंगळवार, मुहूर्त नाही, काही नाही. फिल्टरचा एक वॉशर बदलला, हवा काढली. डिझेलमधले बुडबुडे थांबले.

सुरू करायच्या आधी मेस्त्रींनी एअर क्लीनर काढून ठेवला आणि एक सपाट फळी मागितली, इंजिनाच्या नरड्यावर बसेल अशी. फळी सापडेना. आईनं आतून जुना पोळपाट आणून दिला. कशासाठी ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

तार लाल होईपर्यंत थांबलो. सेल्फ. तिसऱ्या फेऱ्याला एक सिलिंडर ठोकला, मग दोन, मग निळा-पांढरा धूर आणि सगळी सहा. मी हात वर केला. आणि आवाज चढायला लागला. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता. आवाज चढतच गेला, शेडचे पत्रे थरथरायला लागले, मी डिझेल बंद करायचा दांडा ओढला तरी फरक नाही. मेस्त्री दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी पोळपाट इनटेकच्या तोंडावर थापला. इंजिननं दोनदा घुसमटून मान टाकली.

एवढी शांतता मी शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

कारण संध्याकाळी सापडलं. या डिझेल-पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, हवेवर चालतो. इनटेकच्या गळ्यात एक झडप आहे. गळ्यातली ओढ एका बारीक नळीनं पंपाच्या मागच्या डबीत जाते आणि तिथं चामड्याचा पडदा आहे. ओढ वाढली की पडदा सरकतो, त्याच्याबरोबर रॅक (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी पट्टी) सरकतो, डिझेल कमी होतं. पंप, पडदा, सगळं पंपवाल्यानं नवं करून दिलं होतं. ती बारीक नळी मात्र मी जुनीच ठेवली होती. मूळची, पितळी टोकाची, दिसायला सुरेख. टोकाच्या नटाखाली तिला केसाएवढी चीर. ओढ पडद्यापर्यंत पोचतच नव्हती, म्हणजे इंजिनाला "पुरे" म्हणणारं कुणी नव्हतं. आणि बंद करायचा दांडा रॅकपर्यंत पोचत नव्हता, कारण त्याची पिन मी खिशात ठेवली होती. ती अजूनही खिशातच होती.

फेब्रुवारीतल्या भांडणाचा उल्लेख मेस्त्रींनी केला नाही. हात धुताना एवढंच: "दादा, बघायच्या वस्तू जुन्या ठेवा. इंजिन थांबवायच्या ठेवू नका."

पोळपाटावर काळा गोल उमटलाय. आई तो परत घ्यायला तयार नाही.

२७ ऑक्टोबर

नवी नळी, पिन जागेवर, पोळपाट हाताशी. सुरू झालं, जागेवर बडबडत राहिलं. वीस मिनिटं. ऑइल प्रेशर स्थिर.

१५ डिसेंबर

रंग. पावसाळ्यात हात लावला नाही, कारण हवा दमट असली की रंगावर पांढरट साय धरते. आता हवा कोरडी आहे.

जुना रंग घासताना कोरडा घासला नाही, पाणी-कागदानंच, कारण त्या काळच्या रंगात शिसं असायचं. वरचा हिरवा शेतकऱ्यानं मारलेला. त्याखाली मळकट क्रीम, त्याखाली लाल, त्याखाली निळा. दाराशेजारी निळ्यावर पिवळ्या अक्षरांत "आसने ३६" आणि खिडकीखाली "हात बाहेर काढू नये". "हात"मधला 'ह' थोडा डावीकडं कललेला. रंगाऱ्यानं ती अक्षरं ट्रेस करून घेतली आणि नव्या निळ्यावर तशीच उतरवली, कललेल्या 'ह'सकट. चालकामागं एक फूटभर चौकोन मात्र तसाच सोडलाय, चारही थर दिसतील असा.

२ फेब्रुवारी २०२५

सीटा. चौकटी लोखंडी, वर गादीत काथ्या. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघालेल्या एसटीच्या पहिल्या बसमध्येही, बेडफर्डमध्ये, काथ्याच्याच गाद्या होत्या. फोम घाला, असं गादीवाल्याचं म्हणणं. काथ्या पाणी धरत नाही, वारा लागला की वाळतो. फोम भिजला तर महिनाभर ओला राहील आणि खालची चौकट खाईल. सिंधुदुर्गातून दोन गासड्या मागवल्या. बसायला टोचतं. ३६ पैकी सध्या १४ सीटा झाल्या.

२३ मार्च

८५ फूट. पहिला गिअर, फाटकापर्यंत. ब्रेक लागला, थोडी डावीकडं ओढते. रिव्हर्स, पुन्हा शेडमध्ये. मेस्त्री चालकाच्या सीटवर, आई पहिल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन. उतरताना तिनं तिकिटाचे विचारले.

११ एप्रिल

वळवाचा पाऊस, गाराही. बस मुद्दाम उघड्यावर काढली आणि बॅटरी व खडू घेऊन आत बसलो. पाऊण तास.

खालचं ठीक. चॅनेलच्या भोकांतून पाणी बाहेर पडताना दिसलं, चौदाही खांबांपाशी. काचांखालचे चर कोरडे. टपाला मात्र चार ठिकाणी गळती. तीन कॅरिअरच्या पायांपाशी, तिथं वॉशर पुन्हा बसवावे लागतील. चौथी बरोबर चालकाच्या डोक्यावर, रिव्हेटच्या रांगेत एक भोक मोकळंच राहिलंय. खडूनं गोल केले. उद्या ऊन पडलं तर शिडी.